अटकेनंतर जामिनासाठी वकील: विधी सेवेचा, तालुक्याचा की नागपूरचा?

धुऱ्याच्या वादातून झालेली मारामारी असो की चोरीचा संशय, घरचा माणूस अटकेत गेल्याचे कळताच विदर्भातल्या खेड्यात तीन सल्ले एकाच वेळी मिळू लागतात. एक जण म्हणतो, तालुक्याच्या कोर्टातला ओळखीचा वकील धरा. दुसरा म्हणतो, विधी सेवेचा मोफत वकील मागा. तिसरा नागपूरच्या मोठ्या वकिलाचा नंबर काढून देतो. यांतला कोणता पर्याय घ्यावा हे खिशापेक्षा प्रकरण कोणत्या न्यायालयासमोर आणि कोणत्या टप्प्यावर आहे यावर अधिक ठरते. पहिल्याच दिवशी बैलजोडी विकण्याची किंवा शेत गहाण टाकण्याची गरज बहुतेक प्रकरणांत नसते, असे माझे स्पष्ट मत आहे.

वकील शोधण्याआधी एफआयआरवरची कलमे पाहावीत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशांनुसार एफआयआर साधारणपणे चोवीस तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर यावा लागतो. लैंगिक अत्याचारासारखी संवेदनशील प्रकरणे तेवढी वगळली आहेत. गुन्हा जामीनपात्र असेल तर जामीन हा आरोपीचा हक्कच असतो, तो ठाण्यातूनही मिळू शकतो, आणि तेथे मोठा वकील लावणे म्हणजे निव्वळ खर्च आहे. खरी निवड अजामीनपात्र गुन्ह्यात करावी लागते.

अटकेपासून चोवीस तासांत, प्रवासाचा वेळ वगळून, आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावेच लागते, मग तो रविवार असो की पोळ्याचा दिवस. त्या वेळी न्यायाधीश सहसा दोनच गोष्टी विचारतात: पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का, आणि वकील दिला आहे का. घाबरलेला माणूस दोन्ही प्रश्नांना ‘नाही जी’ म्हणून मोकळा होतो. दुसऱ्या प्रश्नाला त्याने ‘नाही, मला विधी सेवेचा वकील हवा’ असे उत्तर दिले, तर त्याच सुनावणीसाठी वकील नेमून देणे ही न्यायालयाची जबाबदारी ठरते, कारण मोफत वकिलाचा हक्क पहिल्या हजेरीपासूनच सुरू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्येच सांगितले आहे. मात्र समोर बसलेला सरकारी वकील म्हणजे हा मोफत वकील नव्हे. तो पोलिसांच्या बाजूने जामिनाला विरोध करणारा असतो, हे घरच्यांनी पक्के लक्षात ठेवावे.

या पहिल्या टप्प्यावर विधी सेवेचा वकील आणि तालुक्याचा खासगी वकील यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही. दोघांनाही हातात रिमांड अर्ज, म्हणजे कोठडी मागणारा पोलिसांचा अर्ज, आणि एफआयआर एवढेच मिळते, आणि दोघांनीही मांडायचे मुद्दे तेच असतात. अटकेची कारणे आरोपीला कळवली का, नातेवाइकांना खबर दिली का, आणि सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा असेल तर नोटीस देऊन भागत असताना अटकच का केली, हे ते मुद्दे. शेवटच्या मुद्द्याला २०१४ च्या अर्णेश कुमार निकालाचा भक्कम आधार आहे. पोलीस कोठडी, म्हणजे कोर्टाच्या आवारातल्या भाषेत पीसीआर, कमी दिवसांची मिळणे किंवा थेट न्यायालयीन कोठडी होणे, हे या पंधरा-वीस मिनिटांच्या युक्तिवादावर अवलंबून असते. खासगी वकील गाठण्याच्या नादात हजेरीच्या वेळी कोणीच उभे नसणे, हा सर्वांत वाईट पर्याय होय.

मोफत मदत फक्त अतिगरिबांसाठी असते, हा समज चुकीचा आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार कोठडीतल्या व्यक्तीला उत्पन्नाची अट लागत नाही. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांनाही ती लागत नाही. तालुक्याच्या न्यायालयातच तालुका विधी सेवा समिती असते, साध्या कागदावरचा अर्ज चालतो, आणि १५१०० या क्रमांकावर फोनही करता येतो. जिल्ह्याच्या ठिकाणी लोकअभिरक्षक कार्यालय असेल तर तेथील वकील पूर्णवेळ हेच काम करतात आणि त्यांना खासगी प्रकरणे घेता येत नाहीत. तालुक्यात मात्र बहुधा पॅनेलवरचा, म्हणजे विधी सेवेच्या यादीतला, वकील मिळतो, जो स्वतःची कामे सांभाळून हे काम करतो. लोकअभिरक्षकाला जामिनाच्या अर्जांचा रोजचा सराव असतो, पण फाइली अनेक असतात, आणि आरोपीच्या भावाला रोज फोनवर धीर देण्याइतका वेळ त्यांच्यापाशी नसतो. पॅनेलच्या वकिलांत उत्तम माणसेही भेटतात आणि तारखेला केवळ हजेरी लावणारेही. कोणीही पैसे मागितले तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांकडे तक्रार करावी. ते स्वतः न्यायिक अधिकारी असतात.

खासगी वकिलाचे खरे मोल सत्र न्यायालयात दिसते. जन्मठेपेपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा असेल तर न्यायदंडाधिकारी सहसा जामीन देत नाहीत; महिला, बालक, आजारी किंवा दुर्बल व्यक्ती यांचाच अपवाद असतो. अशा प्रकरणात वैद्यकीय अहवाल, जखमांचे स्वरूप आणि साक्षीदारांचे जबाब बारकाईने वाचून अर्ज लिहावा लागतो, आणि त्यासाठी एका फाइलीला दोन दिवस देणारा वकील परवडत असेल तर तो जरूर करावा. ॲट्रॉसिटीच्या प्रकरणात हे अधिकच खरे आहे, कारण तेथे पीडित व्यक्तीला सुनावणीची सूचना द्यावी लागते आणि जामीन नाकारला तर उच्च न्यायालयात नवा अर्ज नव्हे, अपील करावे लागते. ही वाट माहीत नसलेला वकील नेमका तेथेच अडखळतो. फी ठरवताना ती कशाकशाची आहे हे आधीच विचारावे: फक्त रिमांडची, जामीन अर्जाची, की जामीनदार उभे करून माणूस बाहेर येईपर्यंतची? वकील बदलायचा झाल्यास आधीच्या वकिलाची हरकत नसल्याची सही घ्यावी लागते, पण फी बाकी आहे म्हणून त्याला फाइल अडवून ठेवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये ठरवले आहे.

नागपूरचा पर्याय सत्र न्यायालयाने नकार दिल्यावरच विचारात घ्यावा. विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांसाठी उच्च न्यायालयाचे खंडपीठ तेथे आहे आणि मोफत वकील देणारी विधी सेवा उपसमितीही आहे. पहिल्या रिमांडलाच नागपूरहून वकील आणला तर फीसोबत गाडीचेही पैसे पडतात, आणि त्या न्यायालयाची रोजची रीत ठाऊक असलेल्या स्थानिक वकिलापेक्षा तो अधिक काही मिळवून देतोच असे नाही.

जामीन मंजूर झाला म्हणजे माणूस घरी आला, असे होत नाही. जामीनदाराला आधार कार्ड, सातबारा, आठ-अ आणि न्यायालयाने मागितल्यास तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला घेऊन यावे लागते. सातबारा चार भावांच्या सामायिक नावाने निघतो, त्यावर पीककर्जाचा बोजा असतो, तलाठी सज्जावर भेटत नाही, आणि यात आठवडा सहज जातो. पुसदच्या न्यायालयात संध्याकाळी सही झालेला सुटकेचा आदेश यवतमाळच्या कारागृहात बंदीआधी, म्हणजे संध्याकाळी कैद्यांना बराकीत बंद करण्याआधी, पोहोचला नाही तर आणखी एक रात्र जाते. या धावपळीत तालुक्याचा खासगी वकील आणि त्याचा कारकून खरोखर उपयोगी पडतात, कारण कोणत्या टेबलावर काय लागते हे त्यांना पाठ असते. विधी सेवेच्या वकिलाकडून ही दगदग बहुधा होणार नाही. तेथे घरच्यांनाच उभे राहावे लागते.

मात्र जामीनदारच मिळत नसेल तर विधी सेवेचे पारडे जड ठरते. सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ जानेवारी २०२३ च्या निर्देशांनुसार जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका झाली नाही, तर कारागृह अधीक्षकांनी ते प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे असते, आणि महिनाभरात जामीनदार न मिळाल्यास न्यायालय स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकते. केंद्राची गरीब कैद्यांसाठीची मदत योजनाही याच मार्गाने मिळते. जामीनदार दुसऱ्या जिल्ह्यातला आहे एवढ्याच कारणाने तो नाकारता येत नाही, हे १९७८ च्या मोतीराम निकालापासून ठरलेले आहे. कोर्टाबाहेर पैसे घेऊन उभे राहणारे भाडोत्री जामीनदार टाळावेत. त्यांची कागदपत्रे खोटी निघाली तर आरोपीवर नवेच बालंट येते.

जामीन नाकारला गेला असेल तर कोणत्याही वकिलाला एक प्रश्न विचारत राहावे: दोषारोपपत्र दाखल झाले का? दहा वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात नव्वद दिवस, इतर गुन्ह्यांत साठ दिवस, पहिल्या रिमांडचा दिवस धरून, उलटले आणि दोषारोपपत्र आले नाही, तर जामीन हा हक्क होतो. पण दोषारोपपत्र येण्याआधी अर्ज पडला पाहिजे, म्हणून घरच्यांनी ती तारीख कॅलेंडरवर स्वतः लिहून ठेवावी आणि मुदत संपण्याच्या चार-पाच दिवस आधीच वकिलाच्या कार्यालयात जाऊन बसावे.