गिटारच्या गर्दीत पियानो: ८८ पट्ट्या की ६१?

दोन गिटार, बेस आणि ड्रम्स असलेल्या इंडी रॉक बँडमध्ये पियानोची धून ठळक ऐकू यायला हवी असेल, तर वाद्य कोणतं घ्यावं? नेमकी दोन समोर ठेवू: डिजिटल पियानो कॅसिओ पीएक्स-एस११०० आणि सिंथेसायझर कीबोर्ड रोलँड जुनो-डीएस६१.

कॅसिओत ८८ वजनदार, म्हणजे खऱ्या पियानोसारख्या जड पट्ट्या, वजन ११.२ किलो, लांबी १३२ सेंटिमीटर. जुनोत ६१ हलक्या पट्ट्या, वजन ५.३ किलो, लांबी साधारण एक मीटर. तालमीला लोकलने जाणाऱ्यांचा निर्णय बहुधा इथेच होतो. मात्र कॅसिओत स्पीकर आहेत, जुनोत नाहीत. घरी सराव करायचा तर हेडफोन किंवा स्पीकर वेगळा लागेल.

पट्ट्या कमी म्हणून जुनो बाद करू नका. बेसची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झवर, गिटारची ८२ हर्ट्झवर (आकडा जितका कमी, तितका सूर खालचा). त्याच भागात पियानोचा डावा हात शिरला की सगळ्याचा लगदा होतो. ६१ पट्ट्या ६५ हर्ट्झपासून सुरू होतात. बँडला तेवढं पुरतं. हार्मोनियमवरून आलेल्यांचा डावा हात भात्यावर असायचा, त्यामुळे तो गप्प ठेवणं त्यांना सोपं जातं. पण हार्मोनियमवर आवाज भाता ठरवतो, बोटाचा जोर नव्हे. हळुवार सुरुवात करून चढत जाणारी धून वाजवायची असेल, तर ते बोटांचं वजन कॅसिओवरच शिकता येईल. हलक्या पट्ट्यांवर ऐन जोशात प्रत्येक सूर सारख्याच ताकदीने आदळतो. जुनोत व्हेलॉसिटी कर्व्ह (बोटाच्या जोराप्रमाणे आवाज किती वाढावा, याची सेटिंग) ‘हेवी’ ठेवला की हे बरंच आटोक्यात येतं.

वाद्यांच्या आवाजांच्या प्रकारांत जुनो खूप पुढे: ऑर्गन, स्ट्रिंग्ज, सिंथ धरून हजारावर. कॅसिओत १८. पियानोशिवाय गाण्यात काही नको असेल, तर १८ भरपूर आहेत.

वाद्य कुठलंही घ्या, आवाज बुडण्याचं खरं कारण मांडणीत असतं. डिस्टॉर्शनवरच्या (मुद्दाम फाटक्या केलेल्या आवाजाच्या) गिटारने फक्त षड्ज-पंचम, म्हणजे पॉवर कॉर्ड, वाजवावी आणि गंधार पियानोला सोडावा. डिस्टॉर्शनमध्ये गंधार घुसला की कॉर्ड खरखरीत होते. पियानोची कॉर्ड दोन-तीन सुरांची, एक सप्तक वर. मिक्सरवर पियानोचा १५० हर्ट्झखालचा भाग कापा, ३०० च्या आसपास ३ डेसिबल उतरवा, २ ते ३ किलोहर्ट्झला थोडं चढवा. एकट्याने ऐकलं तर हा आवाज किरटा वाटेल. ऐकायचा बँडसोबतच.

छोट्या ठिकाणी साउंडवाला बहुधा एकच वायर घेतो. दोन्ही वाद्यांत ती ‘एल/मोनो’ जॅकमध्ये जाते. स्टिरिओ पियानो (डावा-उजवा आवाज वेगळा) मोनोत, म्हणजे एकाच वाहिनीत, मिसळला की काही कंपनं एकमेकांना खोडतात आणि आवाज पोकळ होतो, म्हणून रिव्हर्ब (घुमणारा इफेक्ट) कमी करा आणि तालमीतच मोनोत ऐकून टोन निवडा. वायर सहा मीटरहून लांब असेल तर डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल लांब वायरीतून मिक्सरकडे नेण्याजोगा करणारी डबी) हवाच. गुणगुण आली तर त्यावरचं ग्राउंड लिफ्ट (अर्थची जोडणी तोडणारं) बटण दाबा. गिटारच्या ॲम्पमध्ये जोडू नका; त्याचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर फारसं काही देत नाही, पियानो मंद होतो.

कॅसिओसोबत येणारं, सूर लांबवायचं चपटं पेडल स्टेजवर सरकतं. खाली गॅफर टेप लावा, किंवा पियानोसारखं जड पेडल वेगळं घ्या.

चाल मुळात पियानोवर बांधली जात असेल तर कॅसिओ. गिटारच्या गाण्यात मधूनमधून पियानो आणि पुढच्याच कडव्यात ऑर्गन हवा असेल तर जुनो.