सापांचा भिंततक्ता: धामणीला न्याय, मण्यारीत घोळ

शाळेच्या किंवा शेतातल्या आखाड्याच्या भिंतीवर लावायचा हा फ्लेक्स तक्ता तीन बाय दोन फुटांचा आहे. वर लाल पट्टीत नाग, मण्यार, घोणस, फुरसं. खाली हिरव्या पट्टीत बिनविषारी. छपाई चांगली आहे.

साप किती लांब, किती जाड आणि फणा काढतो का, यावरच माणसं भितात. विषाचा त्या भीतीशी फारसा संबंध नसतो. म्हणून सात-आठ फुटांची धामण धुऱ्यावर दिसली की काठ्या निघतात. तक्त्यात धामणीशेजारी फणा मिटलेला नाग दाखवलाय, हे फार मोलाचं काम झालंय. धामणीचे मोठे डोळे, ओठांवरच्या काळ्या उभ्या रेघा, डोक्याहून बारीक मान, सगळं नीट दिसतं. हरणटोळ टाळू फोडतो ही समजूतही एका ओळीत खोडली आहे.

मण्यारीत मात्र घोळ आहे. निळसर काळी, तुकतुकीत, अंगावर दुधी जोडपट्टे. इतकी देखणी आणि बारीक की भीतीच वाटत नाही. चित्रात पट्टे थेट डोक्यामागून सुरू होतात, आणि तशी ठेवण बिनविषारी कवड्याची. मण्यारीचे पट्टे साधारणपणे मानेच्या बरेच मागे सुरू होऊन शेपटीकडे दाटतात. कवड्याचे शेपटीकडे पुसट होतात. ही चूक महागात पडू शकते. ऊसतोडीच्या कोप्यांत माणसं भुईवर झोपतात, मण्यार रात्रीच फिरते, आणि तिचा दंश कित्येकदा कळतही नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, तेव्हा वेळ गेलेली असते.

घोणशीचं नुसतं डोकं छापलंय. ओळख पटते ती पाठीवरून: साखळीसारख्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा. तिच्यासारख्या दिसणाऱ्या बिनविषारी डुरक्या घोणशीचे डाग वेडेवाकडे, शेपूट आखूड. फुरसं जेमतेम फूट-दीड फुटाचं, पण चित्रात नागाएवढं. शेजारी मोजपट्टी हवी होती.

प्रथमोपचाराची चौकट बरोबर आहे: आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, हात-पाय हलू देऊ नका, १०८ लावा. पण ‘साप सोबत न्या’ हा सल्ला घातक आहे. आपल्याकडे मिळणारी सर्पदंशावरची लस लाल पट्टीतल्या चारही सापांवर चालते. सापामागे धावण्यात वेळ जातो आणि दुसऱ्यालाही दंश होऊ शकतो.

तक्ता घेतलाच तर काळ्या मार्करने मण्यारीच्या डोक्यामागचे पहिले तीन-चार पट्टे बुजवा आणि ‘साप सोबत न्या’ ही ओळ खोडा, मगच भिंतीला लावा.