शेअर घेण्याआधी आधी काय पाहायचं: संचालक मंडळ की जोखीम समिती?

दोन कंपन्यांचे आकडे सारखेच दिसतायत आणि घ्यायची एकच आहे, तर वार्षिक अहवालातलं कॉर्पोरेट गव्हर्नन्सचं प्रकरण उघडा. मंडळावर कोण बसलंय आणि जोखीम व्यवस्थापन समिती काय करते, दोन्ही तिथेच सापडतं.

मंडळाची रचना तपासणं सोपं. अध्यक्ष कार्यकारी किंवा प्रवर्तकांपैकी (कंपनी ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्यापैकी) असेल तर सेबीच्या नियमाने निम्मे संचालक स्वतंत्र, म्हणजे कंपनी आणि प्रवर्तकांशी हितसंबंध नसलेले हवेत, एरवी एक तृतीयांश चालतात. मात्र टक्केवारीवर भाळू नका. सत्यम या आयटी कंपनीच्या मंडळात निम्म्याहून अधिक स्वतंत्र संचालक होते. तरी १६ डिसेंबर २००८ ला प्रवर्तकांच्या घरच्याच दोन मेटास कंपन्या १.६ अब्ज डॉलरला घ्यायचा ठराव मंजूर झाला. गुंतवणूकदारांनी ओरड केली तेव्हा कुठे तो काही तासांत गुंडाळला. स्वतंत्र संचालक वाढले म्हणजे नफा वाढतो, असंही नाही. कित्येकदा तोटा झाल्यावरच ते वाढवले जातात.

जोखीम समिती बाजारमूल्याने पहिल्या १,००० कंपन्यांना सक्तीची आहे, वर्षाला किमान दोन बैठकांसह. पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणाऱ्या आयएल अँड एफएस समूहाच्या मंडळावर एलआयसीसारख्या बड्या भागधारकांचे प्रतिनिधी होते, पण ही समिती २०१५ ते २०१८ मध्ये एकदाच भरली. दरम्यान अल्पमुदतीची उसनवारी करून पैसा वर्षानुवर्षांनी परत येणाऱ्या रस्त्यांत अडकत होता. २०१८ मध्ये हप्ते थकले तेव्हा समूहाचं कर्ज सुमारे ९१,००० कोटी होतं, आणि ट्रिपल ए, म्हणजे सर्वोच्च पत असलेले रोखे काही आठवड्यांत ‘डी’वर, म्हणजे थकबाकीदाराच्या पतीवर आले.

म्हणून बँक, एनबीएफसी (बँक नसलेली वित्त कंपनी) किंवा पायाभूत सुविधांची कंपनी असेल तर समिती आधी पाहा. घराण्याच्या हातातला कारखाना असेल तर मंडळ आधी, कारण तिथे पैसा बहुतेक वेळा संबंधित पक्षांशी, म्हणजे प्रवर्तकांच्या नातेवाइकांशी किंवा त्यांच्याच इतर कंपन्यांशी केलेल्या व्यवहारांतून झिरपतो.

हजेरीचा तक्ता दोन्हीकडे वाचायचाच. समितीच्या साऱ्या बैठका मंडळाच्या बैठकीच्याच दिवशी उरकल्या असतील, तर काम कागदोपत्री असण्याची शक्यता जास्त. मुख्य जोखीम अधिकारी वारंवार बदलत असेल तर तेही खटकायला हवं.

मग आकडे. कारखान्यात पाच वर्षांचा निव्वळ नफा आणि धंद्यातून आलेली रोख शेजारी मांडा. रोख सतत मागे असेल तर येणी कुणाकडे अडकली ते शोधा. एनबीएफसीत देणी आणि येणी कधी पूर्ण होणार ते दाखवणारा मुदतनिहाय तक्ता काढा आणि वर्षभरात फेडायची देणी त्याच वर्षात येणाऱ्या वसुलीपेक्षा किती जास्त आहेत ते पाहा.