गोळा घ्यायचाय: बिडाचा, कातलेला लोखंडी की पितळी?

गोळाफेकीसाठी किती किलोचा गोळा घ्यायचा हे वयोगट आणि मुलांचा की मुलींचा गट यावरूनच ठरतं. घोळ होतो तो धातूपाशी. दुकानात साधारण तीन प्रकार समोर येतात: रंग दिलेला बिडाचा (म्हणजे ओतीव लोखंडाचा), लेथवर, म्हणजे फिरत्या यंत्रावर, कातून गुळगुळीत केलेला लोखंडी आणि पितळी. मी तिन्ही वापरलेत. सध्या माझ्या पिशवीत कातलेला लोखंडी असतो.

बिडाचा सगळ्यात स्वस्त. बहुतेक शाळांच्या क्रीडासाहित्यात तोच असतो आणि नुसती ताकद वाढवायला पुरतो. माझं त्याच्याशी बिनसलं ते रंगावरून. नवा असताना रंग इतका गुळगुळीत की तळवा घामेजला की गोळा बोटांच्या मुळाशी ठरत नाही, आणि चॉक पावडर लावली तरी ती त्या रंगाला धरत नाही. पुढे मुरुमावर आपटून टवके उडतात. मग गोळा एका बाजूने गुळगुळीत, दुसऱ्या बाजूने खरखरीत; दर फेकीला बोटांखाली काहीतरी वेगळंच येतं. टवक्याची कड हनुवटीखाली घासून मानेची कातडी सोलवटते. ती जागा हुळहुळायला लागली की आपण नकळत गोळा मानेपासून सुटा धरतो. तिथूनच कोपर खाली येतं आणि गोळा ढकलायच्या ऐवजी चेंडूसारखा भिरकावला जातो. सराव करून तंत्र बिघडत असेल तर वाचलेल्या पैशांचं काय करायचं? मला हे फार लागतं, कारण मुलांचं कोपर असं पडलेलं मी बघतो आणि कारण बऱ्याचदा गोळ्याच्या रंगात असतं.

पितळी गोळा हातात घेतला की मोह होतो. पितळ जड, त्यामुळे त्याच वजनाचा भरीव गोळा बिडापेक्षा थोडा लहान होतो. लहान पंजाच्या मुलामुलींना तो खरंच सोयीचा जातो. पुरुषांच्या ७.२६ किलोच्या गोळ्याला ११० ते १३० मिमी व्यास चालतो, म्हणजे निवडीला जागा आहे. गोल फिरून फेकणारे बरेच जण उलट मोठाच पसंत करतात. पण पितळ मऊ. खडी असलेल्या मैदानावर त्याला पोचे पडतात, आणि किंमतही बरीच जास्त. चांगलं मैदान आणि तसं बजेट असेल तर मी नको म्हणणार नाही.

कातलेल्या लोखंडी गोळ्याला रंग नसतो, हेच त्याचं मोठेपण. चॉक धरतो, घाम आला तरी बोटं बसतात, आणि सगळीकडून सारखाच लागतो. गंज मात्र चढतो. पावसाळ्यात सराव झाला की कोरड्या फडक्याने पुसून मशीनच्या तेलाचा हलका हात फिरवायचा, आणि फेकायच्या आधी ते तेल स्वच्छ पुसून काढायचं. एवढं जमत नसेल, किंवा गोळा दहा जणांच्या हातांतून फिरणार असेल, तर बिडाचाच बरा पडेल कदाचित.

घेताना दुकानातच काट्यावर ठेवून बघा. ६ किलोचा असेल तर ६.००५ ते ६.०२५ च्या दरम्यान भरलेला निवडा. झिजून वजन थोडं उतरलं तरी स्पर्धेच्या तपासणीत अडणार नाही. नंतर तो मानेला टेकवून हळू फिरवा. कुठे शिवण किंवा कड टोचली तर दुसरा मागा.