नेपियरचं बी कुणी विकत असेल तर घेऊ नका

मार्चच्या सुरुवातीला मी मोबाईलवरची जाहिरात बघून ‘सुपर नेपियर’ या चाऱ्याच्या संकरित गवताचं 2 किलो बी मागवलं. किलोला 1,800 रुपये, पैसे आधी. व्हिडिओत डोक्याच्या वर गेलेल्या गवतात एक माणूस उभा. एकदा पेरा, सात वर्षं कापा, एकरी 200 टन चारा.

आमचा खटाव तालुका, पाण्याची ओढ कायमचीच. दावणीला दोन गाई, एक कालवड, शिवाय चार शेळ्या. 25 रुपयांनी कडब्याची पेंढी विकत घेऊन मी टेकीला आले होते. घराजवळचे 10 गुंठे चाऱ्याला ठेवायचे ठरलेच होते, तेवढ्यात ही जाहिरात समोर आली.

पुडा आला तो साध्या प्लास्टिकचा, वर गवताचा रंगीत फोटो. लॉट नंबर, उगवणशक्ती, तपासणीची तारीख, पत्ता, काही नाही. बिलही नाही. तिथेच हात थांबायला हवा होता. पण जमीन तयार होती, पाळीचं पाणी आलं होतं. पेरलं.

उगवण छान झाली. पंचविसाव्या दिवशी मला पानं ओळखीची वाटली म्हणून विक्रेत्याला फोटो पाठवला. तो म्हणाला, “ताई, नेपियर सुरुवातीला बाजरीसारखंच दिसतं.” हे खरंच आहे, कारण संकरित नेपियर बाजरी आणि हत्ती गवत यांच्या संकरातूनच झालेलं आहे. या खऱ्या गोष्टीच्या आडोशाने त्याने मला अजून महिनाभर गप्प बसवलं, वर वाढीचं टॉनिक म्हणून 900 रुपये घेतले.

मेच्या पहिल्या आठवड्यात आत्याबाई गवत कापायला गेल्या आणि एक ताट उपटूनच घेऊन आल्या. पोंग्यातून अर्धं कणीस बाहेर आलेलं. त्यांनी ते बोटांनी सोलून माझ्या हातावर ठेवलं. “सुमन, ही बाजरी हाय गं. सगळं रान बाजरीचं हाय.” कणसाचा फोटो पाठवला त्या संध्याकाळी विक्रेत्याने माझा नंबर ब्लॉक केला.

कृषी सहायकांनी मला नीट समजावलं. बाजरीची गुणसूत्रं 14, हत्ती गवताची 28, त्यांच्या संकराची 21. संख्या विषम, त्यामुळे जोड्या जमत नाहीत आणि रुजणारं बी धरत नाही. खेचराला पिल्लू होत नाही, तसंच. संकरित नेपियर लावायचं ते कांड्यांनी नाहीतर ठोंबांनी. म्हणजे पुड्यात काय होतं हा प्रश्नच नव्हता, जे विकलं ते मुळात अस्तित्वातच नसतं. एकरी 200 टनांचंही तसंच. चांगल्या वाणाला भरपूर पाणी-खत दिलं तर वर्षभराच्या सगळ्या कापण्या मिळून हेक्टरी दीडशे टनांच्या आसपास उत्पादन सांगतात. हेक्टरी, एकरी नव्हे.

बाजरी गाईंनी खाल्ली, नाही असं नाही. पण एका कापणीनंतर फुटवे आले ते काडीसारखे, आणि रान मोकळं झालं. 4,500 रुपयांपेक्षा मला ते उन्हाळ्यातलं पाणी जास्त लागतं. विहीर तासभर चालायची, तो तास मी त्या रानाला दिला. जून उजाडेपर्यंत पुन्हा कडबा विकत, आणि दूध निम्म्यावर.

तक्रार करायला गेले तर बिल आणि लेबल मागितलं, दोन्ही नव्हतं. पैशांसाठी 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, पण दोन महिने उलटून गेले होते. हा फोन पैसे गेल्या गेल्या, त्याच दिवशी करायचा असतो. आणि कुठलंही बी पेरताना मूठभर शिल्लक ठेवा, पुडा फेकू नका.

कांड्या राहुरीच्या कृषी विद्यापीठात, उरुळी कांचनच्या बाएफ संस्थेत किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. मी शेजारच्या गावातल्या एका दूधवाल्या काकांच्या रानातून फुले जयवंत या संकरित नेपियरच्या वाणाच्या 200 कांड्या आणल्या, रुपयाला एक. दोन डोळ्यांची कांडी, एक डोळा मातीत, एक वर, अंतर तीन बाय दोन फूट. एवढ्यात एक गुंठा होतो. पुढच्या नऊ गुंठ्यांच्या कांड्या यातूनच निघतील.

काल तीच जाहिरात पुन्हा दिसली. विक्रेत्याचं नाव वेगळं, भाव 2,200, गवतात उभा असलेला माणूस तोच.