जुन्या ड्युकाटोसाठी केकेएल केबल: तीन महिन्यांच्या वापरानंतर

आमची मोटरहोम २००४ साली नोंदलेल्या फियाट ड्युकाटोच्या चासीवर बांधलेली आहे आणि तिचे इंजिन २.८ जेटीडी, म्हणजे १२७ अश्वशक्तीचे कॉमन रेल डिझेल आहे. इंग्लंडमधल्या गेल्या हिवाळ्यात मी ती चार महिने ओल्या गवतावर उभी ठेवली. ही चूक सर्वस्वी माझी. मार्चमध्ये सेल्फ मारला तेव्हा स्टार्टर कण्हत फिरला आणि इंजिन कसेबसे सुरू झाले, पण इंजेक्शनचा पिवळा दिवा विझेना आणि चढावर गाडी ओढेना. जवळच्या एका गॅरेजने कोड (गाडीच्या संगणकाने नोंदवलेले बिघाडांचे क्रमांक) वाचण्याचे ६० पौंड घेतले, चिठ्ठीवर एकच कोड लिहून दिला आणि रेल प्रेशर सेन्सर, म्हणजे इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला दाब मोजणारा सेन्सर, बदलण्यासाठी ३०० पौंडांचा अंदाज सांगितला. घरी आल्यावर हिशेब केला आणि कोड वाचण्याचे साधन स्वतःच विकत घ्यायचे ठरवले. हे मत त्या साधनाविषयी, म्हणजे गाडीचे निदानाचे सॉकेट लॅपटॉपला जोडणाऱ्या केकेएल केबलविषयी आहे.

खरे तर मी दोन साधने घेतली, आणि त्यातले पहिले वाया गेले. ते म्हणजे ऑनलाइन बाजारात दहा पौंडांच्या आत मिळणारे, मोबाइलशी ब्लूटूथने जोडायचे निळे डोंगल. ते सॉकेटमध्ये बसले, त्याचा दिवा लागला, मोबाइलने ते ओळखलेही. पण गाडीच्या कंट्रोल युनिटशी, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाशी, त्याचा संवाद काही जुळला नाही. दोन संध्याकाळी वाया घालवल्यानंतर कारण उमगले. सोळा पिनांचे सॉकेट दिसले की गाडी ओबीडी-२ (बिघाड वाचण्याची सर्वमान्य पद्धत) बोलते असे आपण धरून चालतो, पण सॉकेटचा आकार आणि त्यातली भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. युरोपात डिझेलवरच्या प्रवासी मोटारींना ओबीडीची सक्ती २००३-०४ मध्ये झाली, तर आमच्या मोटरहोमसारख्या जड आणि व्यापारी चासीच्या गाड्यांना ती त्यानंतर लागू झाली. आमच्या इंजिनाचे बॉशचे ईडीसी १५ युनिट सातव्या पिनेवरच्या के-लाइनवर (निदानासाठीची जुनी, एका तारेची जोडणी), फियाटच्या स्वतःच्या पद्धतीने बोलते. ओळख करून घेताना त्याला सेकंदाला पाच बिट इतक्या संथ गतीने पत्ता सांगावा लागतो आणि त्यानंतरचे बोलणेही सेकंदाला सुमारे १०,४०० बिटांच्या वेगाने चालते.

स्वस्त डोंगलांची गोम इथेच आहे. त्यांच्या आत जी चिप असल्याचा दावा असतो ती ईएलएम ३२७ मूळची कॅनडातल्या एका कंपनीची. तिच्या पहिल्या आवृत्तीला नक्कल रोखणारे संरक्षण नसल्याने तिच्या नकला जगभर पसरल्या. मूळ कंपनीने १.५ क्रमांकाची आवृत्ती कधी काढलीच नव्हती, तरीही तो आकडा निम्म्या डोंगलांच्या वेष्टनावर अभिमानाने छापलेला असतो. अशा अनेक नकलांमध्ये नव्या गाड्यांचा कॅन (के-लाइननंतर आलेली वेगवान जोडणी) चालतो, मात्र जुन्या के-लाइनचा भाग अर्धवट असतो किंवा नसतोच. नव्या मोटारीसाठी ते डोंगल कदाचित पुरेसे ठरेल, पण आमच्या गाडीच्या दृष्टीने ते केवळ एक दिवा होते.

दुसरे साधन म्हणजे केकेएल यूएसबी केबल, एफटीडीआय या कंपनीच्या यूएसबी चिपची, साधारण पंधरा पौंडांना मिळालेली. तिच्यासोबत मल्टीइक्यूस्कॅन ही विंडोजवर चालणारी, फियाट, अल्फा आणि लान्सिया गाड्यांसाठीची प्रणाली वापरली. जोडणी पहिल्या फटक्यात होत नाही, हे आधीच सांगतो. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन केबलला कोणता कॉम पोर्ट मिळाला आहे ते पाहावे लागते, आणि त्याच पोर्टच्या सेटिंगमध्ये लेटन्सी टायमर (आलेली माहिती पुढे धाडण्यापूर्वी केबल किती थांबते तो वेळ) १६ वरून १ मिलिसेकंदावर आणावा लागतो. हे न केल्यास जोडणी मधूनच तुटते आणि माणूस विनाकारण केबलला दोष देतो. त्यानंतर यादीतून गाडीचे मॉडेल आणि इंजिन निवडायचे, चावी फिरवून इंजिन बंदच ठेवायचे आणि जोडणीचे बटण दाबायचे. दोन-तीन सेकंद काहीच घडत नाही, आणि मग पडद्यावर युनिटचा क्रमांक उमटतो. त्या क्षणी झालेला आनंद वयाला शोभणारा नव्हता.

गॅरेजच्या चिठ्ठीवर एक कोड होता. केबलने तीन दाखवले. पी ०१९० म्हणजे रेल प्रेशर सेन्सरचे सर्किट, पी ०११५ म्हणजे कूलंटच्या तापमानाच्या सेन्सरचे सर्किट, आणि पी ०५६० म्हणजे यंत्रणेचा व्होल्टेज. एकट्या पहिल्या कोडकडे पाहिले तर सेन्सर बदलावासा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु एकमेकांशी संबंध नसलेले दोन सेन्सर एकाच दिवशी बिघडले आणि सोबत व्होल्टेजचीही तक्रार आली, तर संशय दोघांच्या सामायिक वीजपुरवठ्यावर जायला हवा. इंजिन सुरू करून रेलचा दाब पाहिला, तर आयडलिंगला तो २५० ते ३०० बारांच्या मध्ये स्थिर होता. म्हणजे सेन्सर शहाण्यासारखा वागत होता.

मग मल्टीमीटर काढला. एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर, दुसरे इंजिनाच्या ब्लॉकवर धरले आणि पत्नीला सेल्फ मारायला सांगितले. हा फरक अर्ध्या व्होल्टच्या आत असायला हवा. आमच्याकडे तो दीड व्होल्टच्या वर गेला. गाडीखाली सरपटत जाऊन पाहिले तेव्हा गिअरबॉक्सपासून चासीकडे जाणारी अर्थिंगची विणलेली पट्टी हिरवी-तांबडी पडली होती आणि तिच्या तारा बोट लावताच भुग्यासारख्या गळत होत्या. रस्त्यावरचे मीठ, जुनाट वय आणि माझे ओले गवत, या तिघांनी मिळून तिचा निकाल लावला होता. नवी पट्टी आठ पौंडांना मिळाली. दोन्ही टोकांची जागा धातू चमकेपर्यंत घासली, पट्टी आवळली, कोड पुसले आणि शंभरेक मैल गाडी चालवून पुन्हा वाचले. एकही कोड परतला नव्हता. गॅरेजचे ऐकले असते तर आजार म्हशीला आणि औषध पखालीला, तेही ३०० पौंडांचे.

केबलच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. ती जेमतेम एक मीटर लांब आहे, त्यामुळे गाडी चालू असताना आकडे पाहायचे तर शेजारी बसणाऱ्याला लॅपटॉप गुडघ्यांवर तोलून धरावा लागतो. इंजिनापलीकडच्या काही विभागांसाठी वेगळ्या पिनांना जोडणारे जोड-तुकडे निराळे घ्यावे लागतात. मल्टीइक्यूस्कॅनच्या मोफत आवृत्तीत काही सुविधा बंद असतात. कोड वाचण्यापुरते माझे तिच्यावर भागले. मोटरहोमच्या राहत्या भागातले फ्रिज, हीटर किंवा तिथली बॅटरी या सॉकेटवर नसतात, त्यामुळे थंड न होणाऱ्या फ्रिजचे निदान ही केबल करील अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.

भारतातल्या वाचकांसाठी एक सूचना. रांजणगावच्या कारखान्यातून निघालेल्या लिनिया आणि ग्रँड पुंटोसाठी मल्टीइक्यूस्कॅन चालते, पण ग्रँड पुंटोच्या इंजिनाशी बोलायला कॅन लागतो. तिथे ही केबल कामाची नाही, आणि चांगल्या दर्जाचे ईएलएम डोंगलच घ्यावे. उलट २००६ पर्यंतच्या ड्युकाटोसाठी मी आज पुन्हा हीच केबल घेईन. मात्र कोड पुसण्यापूर्वी ते सगळे कागदावर उतरवून घ्यावेत. आमच्याकडे त्यासाठीची वही आता केबलसोबत पुढच्या कप्प्यात असते, आणि गॅरेजची ती एका कोडची चिठ्ठीही तिच्या पहिल्या पानाला टाचून ठेवली आहे.