एक मशीन, दोन माणसं: सोनं शोधणाऱ्या डिटेक्टरसोबत आठ महिने

आधी हिशेब सांगते, कारण ओळखीतला प्रत्येक जण पहिलं तेच विचारतो. ८ महिने, ११ फेऱ्या, सोन्याचे १९ तुकडे, एकूण वजन ५.३ ग्रॅम. माझं माहेर कोल्हापूरचं, गुजरीच्या म्हणजे सराफ बाजाराच्या मागच्या बाजूला, त्यामुळे मी मनात अजून गुंजांतच मोजते. ९६ गुंजांचा तोळा, त्या हिशेबाने आमच्या ४४ गुंजा झाल्या. अर्ध्या तोळ्याला चार कमी! मशीन पडलं ३,४०० ऑस्ट्रेलियन डॉलरला, तेही वापरलेलं. एवढ्यावर ज्यांचा निर्णय होतो त्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल.

आम्ही मेलबर्नला राहतो. मुलगा शिकायला बाहेर पडला, घर रिकामं झालं, आणि नवऱ्याने एक जुनी व्हॅन घेऊन तिच्यात गादी टाकली. अडीच तासांवर डनॉली, टार्नगुला, मोलियागुल ही गावं आहेत. व्हिक्टोरियाचा ‘गोल्डन ट्रँगल’ म्हणतात तो हा पट्टा. १८५१ साली या राज्यात सोन्याची लाट आली, जगभरातून माणसं इथे येऊन खड्डे खणत बसली. मोलियागुलला १८६९ मध्ये ‘वेलकम स्ट्रेंजर’ नावाचा सोन्याचा गोळा सापडला, जमिनीखाली जेमतेम ३ सेंटिमीटरवर. त्यातून निघालेलं सोनं सुमारे ७२ किलो, म्हणजे सहा हजार तोळ्यांच्या वर. डनॉलीत एवढा मोठा तराजू नव्हता, म्हणून तो ऐरणीवर ठेवून फोडावा लागला. हे वाचून आम्ही मशीन घेतलं हे कबूल करते. मात्र त्या ७२ किलोंची आठवण जंगलात दुपारी दोननंतर काही कामाची नसते.

परवाना लागतो. त्याला ‘माइनर्स राइट’ म्हणतात. एकदा काढला की दहा वर्षं चालतो आणि दोघांचे दोन वेगळे काढावे लागतात. त्यामागचा इतिहास मला फार आवडतो. पूर्वी खाणकाऱ्यांकडून दर महिन्याला ३० शिलिंग लायसन्स फी घ्यायचे, सोनं सापडो न सापडो. त्यावरून १८५४ मध्ये बॅलराटला युरेकाचं बंड झालं, माणसं मेली, आणि पुढच्या वर्षी वर्षाला एक पौंडाचा हा परवाना आला. राष्ट्रीय उद्यानांत बहुतेक ठिकाणी बंदी आहे, खाजगी जमिनीवर मालकाला विचारावं लागतं, फक्त हाताची अवजारं चालतात आणि खणलेला खड्डा बुजवायचाच. जिओव्हिक या सरकारी नकाशावर जागा तपासल्याशिवाय आम्ही व्हॅन वळवत नाही.

आता मशीन. कंपनी आणि मॉडेल लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत. ते पल्स इंडक्शन जातीचं आहे, म्हणजे जमिनीत चुंबकीय झटके सोडून धातू ओळखणारं. दुसरी जात व्हीएलएफ (व्हेरी लो फ्रीक्वेन्सी), ती स्वस्त असते, हलकी असते, वरवरचे बारीक कण छान पकडते. पण इथली जमीन लोहाने लाल झालेली, व्हीएलएफ तिच्यावर लवकर गोंधळतं. पल्सवालं त्यामानाने शांत राहतं आणि खोल जातं. त्याची किंमत अशी की लोखंड कुठलं आणि सोनं कुठलं हे ते धड सांगत नाही. जे वाजेल ते खणायचं. पहिल्या दिवशी आम्ही ३१ खड्डे खणले. निघालं काय, तर खिळे, बंदुकीचे शिशाचे छर्रे, बाटलीची बुचं, जुन्या बुटांच्या टाचेतल्या चुका आणि सार्डिनच्या डब्याचा एक पत्रा. छर्रा हुबेहूब सोन्यासारखा वाजतो. हा त्रास आठ महिन्यांनीही तसाच आहे.

पहिल्या दिवशी आणखी एक गंमत झाली. नवरा खणत होता, मी मातीची मूठ कॉइलवरून, म्हणजे मशीनच्या टोकाच्या चकतीवरून, फिरवत होते आणि प्रत्येक मूठ वाजत होती. दहा मिनिटांनी लक्षात आलं, माझ्या बांगड्या. तेव्हापासून एका गुंजेच्या शोधाला निघताना चार तोळे घरी ठेवून निघते.

मशीनमध्ये सतत एक बारीक गुंजन चालू असतं. मोठी वस्तू खाली असेल तर ते चढतं-उतरतं, लहान पोरालाही कळेल. पण खोलवरचा किंवा गुंजभर तुकडा वाजत नाही. गुंजन नुसतं जरा हलतं, तंबोऱ्याची तार किंचित उतरावी तसं. नवऱ्याने पिंपरीत प्रेस शॉपमध्ये बारा वर्षं काढली आहेत, वरचे सूर ऐकू येणं त्याचं तिथेच गेलं. मशीन त्याच्या हौसेचं, पण हेडफोन तिसऱ्या फेरीपासून माझ्या डोक्यावर आले. याबद्दल आमच्यात चर्चा झाली नाही. एक दिवस त्याने ते काढून माझ्या हातात दिले आणि कुदळ उचलली.

जुलैतली, म्हणजे इथल्या हिवाळ्यातली गोष्ट, टार्नगुलाच्या बाहेर, जुन्या खाणकाऱ्यांच्या मातीच्या ढिगाऱ्यांमध्ये. सकाळचं दव गोठलेलं, बोटं आखडलेली. एके ठिकाणी तार उतरली. नवरा म्हणाला, “जमीन बोलतेय, चल पुढे.” म्हणजे आवाज मातीतल्या लोहाचा, सोन्याचा नाही. मी आडव्या दिशेने कॉइल फिरवली, पुन्हा तिथेच. त्याने खणलं. वितीएवढ्या खोलीवर मुरुम संपून पिवळी चिकणमाती लागली आणि आवाज स्वच्छ झाला. मग आमचा नेहमीचा खेळ. प्लास्टिकच्या स्कूपमध्ये माती घ्यायची, वाजली तर निम्मी टाकायची, उरलेली वाजवायची, पुन्हा निम्मी. शेवटी चिमूटभर चिखल तळहातावर. लोहचुंबक लावलं, काही चिकटलं नाही. छर्राच असणार म्हणून मी तो अंगठ्याने चोळला. चकाकलं वगैरे काही नाही. शेवग्याच्या बीएवढा पिवळट, मळकट खडा, एका बाजूला गारगोटीचा पांढरा ठिपका. सावलीत धरला, उन्हात धरला, रंग तोच. स्कूपमध्ये परत टाकला तर टप्प वाजला, एवढासा असून. व्हॅनमधल्या काट्यावर १.४ ग्रॅम, साडेअकरा गुंजा. आमचा आजवरचा सर्वांत मोठा तुकडा हाच.

लोक विचारतात, दोघं आहात तर दोन मशीनं का नाही? नवऱ्याचाही महिनाभर हाच हट्ट होता. माझं मत ठाम आहे: जोडप्याने एकच घ्यावं. दोन पल्स मशीनं जवळ आली की एकमेकांवर किंचाळतात, पाचपन्नास पावलांचं अंतर ठेवावं लागतं, मग कशाला एकत्र जायचं? दुसरं कारण जास्त गंभीर. या जंगलात दीडशे वर्षांपूर्वीच्या उभ्या विहिरींसारख्या खाणी उघड्या आहेत, कडेला गवत वाढलेलं. हेडफोन लावलेला माणूस कॉइलकडे बघत चालतो, त्याला बाकी काही ऐकूही येत नाही. सप्टेंबरमध्ये मी अशाच एका तोंडापासून चार पावलांवर होते. नवऱ्याने हाक मारली असणार, मला ती पोचली नाही. त्याने मागून बॅग धरून खेचलं तेव्हा मी मातीवर आपटले आणि आधी त्याच्यावरच चिडले. मग बघितलं. खडा टाकला तर पडल्याचा आवाज यायला वेळ लागला. तेव्हापासून एकाच्या कानावर मशीन आणि दुसऱ्याचे डोळे मोकळे, हा नियम. साप दिसतो तोही त्या दुसऱ्यालाच.

तक्रारी. वजन दोन किलोच्या वर. दुकानात जाणवत नाही, तिसऱ्या तासाला खांदा सांगतो. खांद्यावरून लवचीक पट्टा घेतल्यावर बरं झालं, पण तो मशीनसोबत यायला हवा होता. विजेच्या तारांखाली निरुपयोगी. कॉइलमध्ये केबल जिथे शिरते तिथे सहाव्या महिन्यात ती सैल झाली. गवताला धक्का लागला तरी खोटा आवाज यायचा. तो खोटा आहे हे कळेपर्यंत आम्ही चार खड्डे गुडघाभर खणले होते. दुकानदाराने वॉरंटी पहिल्या मालकाची असं सांगून हात वर केले, नवी कॉइल खिशातून. जुनं मशीन घेणाऱ्यांनी ही केबल हलवून बघावी, मगच पैसे मोजावेत. बॅटरीबद्दल मात्र तक्रार नाही, थंडीतही आमचा दिवस काढते.

लहानपणी गुजरीत पहाटे झारेकरी दिसायचे. पेढ्या उघडायच्या आधी पायऱ्यांचा आणि गटारीचा केर ब्रशने गोळा करायचे, पाटीत धुवायचे, सोन्याची कणी काढायचे. आईला फोनवर आमच्या छंदाबद्दल सांगितलं तर म्हणाली, “म्हणजे झारेकऱ्याचं काम. त्यांचं पोट होतं गं त्याच्यावर, तुमचं काय?” दसऱ्याला ते १९ तुकडे अत्तराच्या कुपीत घालून देवीपुढे ठेवले, फोटो पाठवला. तिने कुपीचं कौतुक केलं.

आता उन्हाळा लागला. आगीची बंदी, साप, चाळीसच्या पुढे जाणारा पारा, म्हणून एप्रिलपर्यंत मशीन कपाटात. तोवर हेडफोनच्या गाद्या तेवढ्या बदलायच्या आहेत. घामाने रेक्झिनचे पापुद्रे सुटलेत आणि ते माझ्या केसांत अडकतात.